दोन टिंबं

रुवीच्या बस-अड्ड्यामागे आमचं दुकान.
कप, ढाली, दारावरच्या पाट्या.
‘अपघाताविना दहा लाख तास’
पितळेवर इतक्यांदा कोरलंय
की झोपेतही हात तसाच वळतो.

मे महिन्यात एक गोरा साहेब आला,
घामाने चष्मा नाकावरून घसरत होता.
म्हणाला, जर्मन भाषेतल्या कादंबऱ्यांचं एक बक्षीस आहे,
यंदा समारंभ मस्कतला,
पैसे देणाऱ्या कंपनीची जहाजं इथे लागतात म्हणून.
तीन नावं उरलीत. निकाल त्याच रात्री.
तेव्हा पट्ट्या तीन, लागणार एक.
खल्फानशेठनी तिन्हींचे पैसे आधी मोजून घेतले.

मी विचारलं, पुस्तकं कशाबद्दल आहेत?
तो म्हणाला, मी फुलं आणि खुर्च्या बघतो.

कागदावर काही अक्षरांच्या डोक्यावर
दोन-दोन ठिपके होते.
मला वाटलं, माशी बसून गेली.
साफ करून कोरलं.

चौथ्या दिवशी साहेब पट्टीवर बोट ठेवून
बराच वेळ गप्प उभा राहिला.
ठिपके गेले की माणूस बदलतो, म्हणाला.
हे मला लगेच कळलं. आमच्याकडे
भाडं आणि भांडं यांत एवढाच फरक,
आणि दोन्हींवरून खोलीत दर महिन्याला भांडण.

मग हाताने पंच.
म्योर्के. ठक, ठक.
ग्र्यूनहाग. ठक, ठक.
तिसरं आकग्यून.
हिचे आजोबा तुर्कस्तानातून आले, साहेब सांगू लागला,
मोटारींच्या कारखान्यात राबले,
नात जर्मनमध्ये लिहिते.
(एवढं मात्र त्याला ठाऊक होतं.)
ऐकता ऐकता माझा हात घसरला.
दुसरं टिंब उतरतीला लागलं,
दमलेल्या माणसाच्या खांद्यासारखं.
त्याला दिसलं नाही. मी दाखवलं नाही.
नवी पट्टी म्हणजे माझ्या पगारातून सव्वादोन रियाल.

समारंभाला मी पडद्यामागे,
तीन खिशांत तीन पट्ट्या, हातात स्क्रूड्रायव्हर.
नाव पुकारलं की ढाल मंचावर जायच्या आत दोन स्क्रू.
भाषण लांबलं.
ही नावं मला आकाराने माहीत, आवाजाने नाही.
मागच्या खिशात आकग्यून होती, आणि मी,
खरं सांगतो, वेतोबाची शपथ,
तिचं नाव येऊ नये म्हणून हात जोडत होतो.
तिने चांगलं लिहिलं की वाईट, मला काय.
एक टिंब तिरकं होतं.

साहेबाने पडद्याआडून दोन बोटं दाखवली.
ग्र्यूनहाग.
स्क्रू बसले. टाळ्या.

फटीतून पाहिलं तर तिसऱ्या रांगेत
हिरव्या शालीतली एक बाई
बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वेळ टाळ्या वाजवत होती.
मग वाकून बुटाची नाडी बांधायला लागली,
जी सुटलेली नव्हती.
तीच असेल. नसेलही.

पितळ वाया घालवायचं नाही, हा दुकानाचा नियम.
जूनमध्ये म्योर्केच्या पाठीवर कोरलं,
‘डॉक्टर आत आहेत’.
अल-खुवैरला दातांच्या दवाखान्यात लागलंय ते,
नावाचं तोंड भिंतीकडे.

दुसरी पट्टी खल्फानशेठनी दोनदा मागितली.
सापडत नाही म्हटलं.
पॉलिश पेपरच्या गठ्ठ्याखाली आहे.
दुपारी दुकान बंद असतं तेव्हा काढतो,
अंगठ्याने ते टिंब चाचपतो.
सरळ नाही करता येत.
पितळ एकदा आत गेलं की बाहेर येत नाही.